सरकारी रेकॉर्डमध्ये आपल्याबद्दल काय लिहिलंय ते बघायचं कसं? (माहिती अधिकार "८(१)(ज)" म्हणून परत आलाय)

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

झालंय असं की आईने एका सरकारी योजनेत अर्ज केला होता, दर महिन्याला खात्यात थोडे पैसे येतात त्यातली. काही हप्ते आले आणि मग एकदम बंद. स्टेटस बघितलं तर "अपात्र" आणि कारण काय तर "कुटुंबाकडे चारचाकी वाहन". आमच्या दारात बाबांची एक जुनी स्कूटर आहे, ती पण किक मारूनच चालू होते, चारचाकी कुठून आणू? कार्यालयात गेलो. टेबलावरच्या ताई चांगल्या बोलल्या, पण स्क्रीन काही माझ्याकडे वळवली नाही, म्हणाल्या वरून यादी आलीये, त्यात नाव आहे, आमच्या हातात काही नाही. वरून म्हणजे कुठून हे त्यांनाही सांगता येईना.

मग म्हटलं माहिती अधिकार टाकू. दहाचा स्टँप लावून अर्ज दिला. विचारलं होतं की १) माझ्या आईचा अर्ज का नाकारला २) आमच्याकडे गाडी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं ३) ही चूक कोणाची आणि त्याच्यावर काय कारवाई केली. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं, अडीच ओळींचं. "माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे, तसेच वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ज) अन्वये देता येत नाही." खाली गोल शिक्का आणि वाचता न येणारी सही.

आता मला सांगा, आईची माहिती आईच्याच घरी पाठवायला "वैयक्तिक" कशी काय आडवी येते? सरकारकडे आपल्याबद्दल काय नोंदवलंय हे बघायचा आपल्याला हक्क आहे की नाही? कोणी असं काही मिळवलंय का?

उगाचच

हक्क आहे, माहिती नाही. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुना_दप्तरी

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो, शेवटची सहा वर्षं माहिती अधिकाराचं टेबल माझ्याकडे होतं, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगतो. राग मानू नका, पण तुमच्या अर्जात तीन चुका आहेत आणि तिन्ही नेहमीच्या आहेत.

एक म्हणजे अर्ज कोणाच्या नावाने केलात? "माझ्या आईचा अर्ज" असं लिहिलंय म्हणजे तुमच्या नावाने. मग कागदावर तुम्ही त्रयस्थ झालात. मी टेबलावर असतो तर मी पण नाकारला असता, कारण उद्या कोणीही उठून "माझ्या वहिनीची फाईल द्या" म्हणेल, आणि म्हणतात, भाऊबंदकीत तर सर्रास म्हणतात. अर्ज आईच्या नावाने, आईच्या सहीने जाऊ दे. कायद्यात माहिती कशाला हवी हे विचारता येत नाही, कलम ६(२) आहे त्याला, पण स्वतःचीच माहिती मागतोय म्हटल्यावर अर्जदार तीच बाई आहे हे समोरच्याला कळायला नको का? आधारची मास्क केलेली प्रत जोडा, शेवटचे चारच आकडे दिसतात ती, आणि योजनेचा अर्ज क्रमांक घाला. पूर्ण आधार नंबर कशाला देता, ती प्रत किती हातांतून फिरते तुम्हाला कल्पना नाही.

दुसरी म्हणजे "का" विचारलंत. माहिती अधिकारी हा साक्षीदार नाही हो, तो कागद देणारा माणूस आहे. कार्यालयात जो कागद आहे त्याची प्रत तो देईल, जो नाही तो तयार करून देणार नाही आणि खुलासा तर करणारच नाही. "का नाकारला" विचारलं की तो सुटतो. "नाकारताना टिपणीत जे लिहिलं त्याची प्रत द्या" म्हटलं की अडकतो. उत्तर दोन्हीकडे एकच आहे.

तिसरी म्हणजे कारवाई काय केली वगैरे. वाचणाऱ्याचं डोकं तिथेच फिरतं. भांडण नंतर करा, आधी कागद हातात घ्या.

तुमचं घोडं कुठे अडलंय ते माझ्या मते त्या यादीत आहे. एका खात्याची यादी दुसऱ्या खात्याच्या यादीशी कॉम्प्युटरवर लावून बघतात, जुळलं की अपात्र. त्या यादीतली तुमची ओळ मागा.

अर्धावकील

दप्तरीकाका बरोबर सांगतायत, त्यात माझी थोडी भर. वकिली करतो पण नाव बघून फी द्यायची की नाही ते ठरवा.

आधी ती "८(१)(ज)" ची गंमत. तुम्ही ते इंग्रजी "j" समजून वाचलंय आणि बहुतेक लिहिणाऱ्यानेही तेच समजून लिहिलंय. पण कायद्याच्या मराठी प्रतीत पोटकलमं क ख ग घ ङ च छ ज झ ञ अशी जातात. म्हणजे वैयक्तिक माहितीचं पोटकलम ञ आहे, ज नाही. मराठीतलं ज म्हणजे तपासात अडथळा येईल अशी माहिती, आरोपी बिरोपी असतात तिथलं. तुमच्या आईवर कसला तपास चालूये? अपिलात हे एका ओळीत जरूर लिहा. नुसतं कलम चिकटवून नकार देता येत नाही, ते कसं लागू होतं ते सांगावं लागतं आणि नकाराचं समर्थन करायची जबाबदारी कलम १९(५) ने माहिती अधिकाऱ्यावरच टाकलीये. ज्यांना कोणतं अक्षर हेच माहीत नाही ते समर्थन काय करणार.

आता मुद्द्याचं. वैयक्तिक माहितीची सवलत ही माझी माहिती *दुसऱ्याच्या* हातात पडू नये म्हणून आहे. मीच माझी मागतोय तर खाजगीपणा कोणाचा भंगतोय? सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात विद्यार्थ्याला त्याची स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क आहे असं सांगितलं. बोर्डाचं म्हणणं होतं की उत्तरपत्रिका आम्ही विश्वासाने सांभाळतो म्हणून देता येत नाही. कोर्ट म्हणालं, विश्वासाचं नातं धरलंच तर ज्याच्यासाठी सांभाळताय त्यालाच कसं नाकारणार? (परीक्षकाचं नाव मात्र झाकायला सांगितलं, ते योग्यच आहे.) पुढे २०१८ मध्ये यूपीएससीच्या बाबतीत कोर्टाने हात आखडता घेतला, त्यामुळे सगळंच सरसकट मिळतं असंही समजू नका.

आणि एक कलम लोक विसरतात, ४(१)(घ). प्रशासकीय निर्णयाची कारणं त्याचा फटका बसणाऱ्या माणसाला कळवायची हे खुद्द कार्यालयाचंच काम आहे, न मागता. "का" विचारून मिळत नाही ते या कलमाचा हवाला देऊन मागता येतं. अर्जात आवर्जून घाला.

सोनचाफा

धाग्याचा विषय "आपल्याबद्दल काय नोंदवलंय" असा आहे म्हणून लिहिते, बऱ्याच गोष्टींना माहिती अधिकार लागतच नाही. मी हल्ली दर सहा महिन्यांनी एक रविवार यालाच देते, नवरा हसतो पण हसू दे.

इन्कम टॅक्सच्या साईटवर एआयएस म्हणून असतं, २०२१ च्या नोव्हेंबरपासून आहे. त्यात बँकेचं व्याज, शेअर, म्युच्युअल फंड, जमिनीचा व्यवहार, तुमच्या पॅनवर जे जे खात्याला कळलंय ते सगळं दिसतं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा मला घामच फुटला, एवढं यांना माहितीये? माझ्या एका एफडीचं व्याज दोनदा पडलं होतं, तिथेच प्रत्येक ओळीपुढे फीडबॅकची सोय आहे, चूक आहे असं कळवलं. रिटर्न भरायच्या *आधी* बघा, नंतर नोटीस आल्यावर नाही.

आधारच्या साईटवर लॉगिन केलं की गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे वापरलं गेलं तो इतिहास दिसतो, ओटीपी की बोट की चेहरा, तारीख वेळ सगळं. सासूबाईंचा बघितला तर त्यात अंगठा लावल्याच्या दोन नोंदी एकाच दिवशीच्या, दोन मिनिटांच्या अंतराने. आधी घाबरलो, मग त्यांनाच आठवलं की पहिल्यांदा मशीनवर ठसा उमटला नव्हता. तरी बायोमेट्रिक लॉक करून टाकलं.

पीएफचं पासबुक, मतदार यादीतलं नाव (चूक असेल तर फॉर्म ८), सातबारा, हे तर सगळ्यांना माहितीच असेल. पण कोरी_पाटी यांचं प्रकरण वेगळं आहे, कारण *दोन खात्यांनी मिळून* काय निष्कर्ष काढला ते कुठल्याच साईटवर दिसत नाही, तिथे अर्जच करावा लागणार.

राईनकाठी

इथे जर्मनीत युरोपचा जीडीपीआर म्हणजे वैयक्तिक डेटाचा कायदा आहे, त्याच्या कलम १५ खाली कुठल्याही सरकारी कार्यालयाला साधा ईमेल करून "माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे" विचारता येतं, पहिली प्रत फुकट आणि साधारण एक महिन्यात उत्तर द्यावं लागतं. मी एकदा विचारलं होतं, माझ्या हातात चौदा पानं पडली. पण मला आवडलं ते हे की माहिती *कुठून आली* तेही सांगावं लागतं, म्हणजे तुम्ही स्वतः दिलेली नसेल तर तिचा उगम काय. तुम्हाला हवंय ते नेमकं हेच ना? भारतात पण आता नवीन डेटा कायदा आलाय म्हणे, त्यात नाही का हे?

उगाचच

जर्मनीवरून आठवलं, माझी चौदा पानं तहसीलमध्ये २०१६ पासून "शोध सुरू आहे". त्यांना सापडली तर मला पण कळवा.

अर्धावकील

@राईनकाठी, आलाय, पण तुम्ही समजताय तसा नाही. डीपीडीपी, म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. आपली माहिती बघायचा हक्क त्याच्या कलम ११ मध्ये आहे आणि ते कलम नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी लागू होणार, म्हणजे मे २०२७ धरा. त्यात सुद्धा हा हक्क तुम्ही संमती देऊन किंवा आपणहून दिलेल्या माहितीपुरता आहे. सरकारने सबसिडी, लाभ वगैरे द्यायला जी माहिती वापरायची तिला कलम ७ मध्ये संमतीशिवायचा वेगळा दरवाजा ठेवलाय. म्हणजे जिथे लोकांची नावं कटतात नेमका तिथेच हा हक्क लंगडा पडतो. आणि मिळेल काय तर माहितीचा गोषवारा आणि ती कोणाकोणाला दिली त्यांची नावं, *कुठून आली* ते सांगायची सक्ती कलमात मला तरी दिसली नाही.

बरं, तुमचा हक्क २०२७ ला, पण याच कायद्याने माहिती अधिकारातलं पोटकलम ञ जे बदललं ते मात्र नोव्हेंबर २०२५ लाच लागू. आधी त्यात लिहिलं होतं की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खाजगीपणावर विनाकारण घाला घालणारी माहिती देऊ नये, आणि जी संसदेला नाकारता येत नाही ती माणसालाही नाकारू नये. आता उरलंय फक्त "वैयक्तिक माहिती", बास. त्यामुळे हा शिक्का आता जास्तच सढळ हाताने उठणार, हे माझं मत. कलम ८(२) शाबूत आहे, म्हणजे लोकहित जास्त असेल तर द्यायची मुभा आहे. पण स्वतःच्या माहितीसाठी मुळात तिथवर जायची गरजच पडू नये.

थोडक्यात आजच्या तारखेला स्वतःची फाईल बघायला माहिती अधिकार हाच रस्ता आहे, खड्ड्यांसकट.

वाचनमात्र_२

एक शंका. समजा गाडीचं कोणी शेजाऱ्याने उगाच खार खाऊन कळवलं असेल तर त्याचं नाव मिळतं का? आमच्याकडे अशी शंका घ्यायला जागा आहे म्हणून विचारते, कोण ते सांगत नाही 😀

जुना_दप्तरी

तक्रारीत काय लिहिलंय ते मागा, नावाची आशा कमी ठेवा. कायदा राबवण्यासाठी कोणी गुप्तपणे माहिती दिली असेल तर त्याची ओळख झाकता येते, ते पोटकलम छ. पण नाव झाकायचं म्हणून अख्खा कागद दडपता येत नाही, कलम १० प्रमाणे तेवढंच काळं करून बाकीचं द्यायचं. आम्ही मार्करने काळं करून वर झेरॉक्स काढायचो, कारण नुसतं मार्करचं पान उजेडात धरलं की नाव दिसतं. हे एका अर्जदारानेच मला दाखवून दिलं होतं, माझ्यासमोर खिडकीशी उभं राहून.

पण यांच्या बाबतीत शेजारी वगैरे काही नसणार. मला विचाराल तर कोरी_पाटी, वडिलांना एकदा शांतपणे विचारा, पूर्वी कधी गाडी होती का. विकलेली, दिलेली, कुणाच्या नावावर घेऊन दिलेली. "आज नाही" आणि "नोंदीत नाही" यात फार फरक असतो.

कोरी_पाटी

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. बाबांना विचारलं, ते म्हणाले आपल्याकडे कुठली आलीये गाडी आणि टीव्हीचा आवाज वाढवला. त्यामुळे तिथे काही नाही असं धरून चालू.

आता करू काय, पहिल्या नकारावर अपील करू की आईच्या नावाने नवीन अर्ज? आणि अर्जात नक्की शब्द काय लिहू, कोणी दोन ओळी देईल का?

जुना_दप्तरी

नवीन अर्ज करा. अपिलाला वीस रुपयांचा स्टँप आणि तीस ते पंचेचाळीस दिवस, आणि तिथे तुमची त्रयस्थाची अडचण तशीच राहणार. नवीन अर्ज दहा रुपयांत. तीस दिवसांची अपिलाची मुदत अजून संपली नसेल तर हवं तर ते पण टाकून ठेवा, पण जीव त्यात नको.

महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लागतो हे लक्षात ठेवा, केंद्राच्या कार्यालयांना पाचशे चालतात. मजकूर साधारण असा -

"मी अमुक योजनेची अर्जदार आहे, अर्ज क्रमांक अमुक. माझा अर्ज अमुक तारखेपासून अपात्र दाखवला आहे. त्यासंबंधी माझ्या स्वतःच्या खालील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. १) माझ्या अर्जावरील संपूर्ण नस्ती (फाईल), टिपणीसह. २) मला अपात्र ठरवताना ज्या यादीचा आधार घेतला त्या यादीतील फक्त माझ्या कुटुंबाशी संबंधित नोंद, सर्व रकान्यांसह. ३) सदर यादी ज्या पत्रासोबत वा ईमेलसोबत प्राप्त झाली त्याची प्रत. ४) कलम ४(१)(घ) नुसार निर्णयाची नोंदवलेली कारणे. माहिती अन्य कार्यालयाकडे असल्यास कलम ६(३) नुसार अर्ज हस्तांतरित करून मला कळवावे. प्रत देण्यापूर्वी मला अभिलेखांची पाहणी करायची आहे."

"सर्व रकान्यांसह" हे शब्द गाळू नका. नाहीतर नाव आणि "अपात्र" एवढे दोनच रकाने छापून देतील. आणि तिसरा मुद्दा म्हणजे तुमचं ते "वरून म्हणजे कुठून", यादी आभाळातून पडत नाही, तिला आवक क्रमांक असतो.

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. पाहणी. पहिल्या तासाला पैसे नाहीत, आणि समोर फाईल उघडली की ज्याची प्रत मागायची ते डोळ्यांनी दिसतं. शिवाय जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे असा २०१८ चा सामान्य प्रशासन विभागाचा जीआर आहे. कार्यालयात भिंतीवर कुठे लावलेला दिसणार नाही, स्वतःच प्रिंट घेऊन जा. आईला सोबत न्या, तुम्ही एकटे गेलात तर परत त्रयस्थ.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. "ठेवून जा, देतो" म्हटलं तरी नाही.

उगाचच

काका हे सगळं खरं, पण गावात माहिती अधिकार टाकला की माणसावर शिक्का बसतो हो. पुढे दाखला मागायला गेलं की "तुम्ही ते अर्जवाले ना". आमच्या एका नातेवाईकाचा उत्पन्नाचा दाखला तीन आठवडे लोंबकळला, सिद्ध काय करणार.

जुना_दप्तरी

बसतो, खोटं कशाला बोलू. मी पण कपाळावर आठी घालून अर्ज घेतलेत. पण एक सांगतो, टेबलावरचा माणूस "माझीच नोंद द्या" म्हणणाऱ्याला नाही घाबरत, तो घाबरतो ते "गेल्या दहा वर्षांतली सर्वांची सर्व बिले द्या" वाल्याला. स्वतःची फाईल मागणारा अर्ज आला की बरं वाटायचं, एक कपाट, एक गठ्ठा, संपलं. आणि अगदीच भीती वाटत असेल तर कार्यालय राज्याच्या ऑनलाईन पोर्टलच्या यादीत आहे का बघा, तोंड दाखवावं लागत नाही.

सोनचाफा

वाचनखूण साठवली. काका तुम्ही या विषयावर वेगळी लेखमाला लिहाच.

कोरी_पाटी

सात आठवड्यांनी येतोय, पण अपडेट दिल्याशिवाय राहवेना. थोडं लांबेल.

आईच्या सहीने अर्ज दिला, आवक शिक्का घेतला (शाई नाही म्हणाले, मी शेजारच्या टेबलावरून पॅड आणलं). पंचविसाव्या दिवशी पत्र आलं, नऊ पानांचे अठरा रुपये भरा आणि हवं तर सोमवारी पाहणीला या. नकार नाही, ज नाही, ञ नाही. म्हटलं पैसे नंतर, आधी बघून येऊ.

आईला घेऊन गेलो. ती नवीन साडी नेसून आली होती, म्हणे सरकारी कार्यालयात फाईल बघायला बोलावलंय. त्याच ताई होत्या. फाईल म्हणजे एक निळं पुठ्ठ्याचं कव्हर, त्यात आईचा मूळ अर्ज, तिचा पासपोर्ट फोटो स्टेपलच्या पिनने कपाळातून टोचलेला. टिपणीत एकच ओळ, "प्राप्त यादीनुसार अपात्र, मान्यतेस्तव सादर" आणि खाली तीन सह्या. म्हणजे तीन माणसांनी सही केली पण आमच्या दारात गाडी आहे का हे बघायला एकही आला नाही, याचा राग अजून आहे.

मग यादीतली आमची ओळ. प्रिंट इतकं बारीक की ताईंनी मोबाईलचा टॉर्च लावून दिला. रकाने - रेशनकार्ड नंबर, अर्जदाराचं नाव, कुटुंबातील व्यक्तीचं नाव, वाहन प्रकार, वाहन क्रमांक, नोंदणी वर्ष. कुटुंबातील व्यक्ती म्हणून बाबांचं नाव. वाहन प्रकार मोटार कार. नोंदणी वर्ष २००४.

आई त्या नंबरकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अरे ही तर व्हॅन."

दप्तरीकाका, तुम्हाला साष्टांग नमस्कार. मी तिसरीत असताना बाबांनी सेकंडहँड व्हॅन घेतली होती, शाळेची मुलं ने-आण करायला. मला तिच्या सीटचा वास अजून आठवतो, पण ती *आपली गाडी* होती हे डोक्यातच नव्हतं, मला ती बाबांचं काम वाटायची. दोन वर्षांत धंदा बसला आणि बाबांनी ती ओळखीतल्या एकाला विकली. शंभरच्या स्टँपपेपरवर लिहून घेतलं, आरसी बुक आणि किल्ली दिली, पैसे घेतले, विषय संपला. आरटीओत नाव बदललंच नाही, त्यानेही नाही आणि यांनीही नाही. घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, "ती कधीच गेली की." टीव्हीचा आवाज या वेळी वाढवला नाही.

म्हणजे यादी चुकीची नव्हती. नोंदीत गाडी आहे. फक्त दारात नाही. आणि ही गोष्ट कोणी स्क्रीन वळवून दोन मिनिटांत सांगितली असती तर माझे तीन महिने वाचले असते, नंबर सांगायला कसली आलीये गोपनीयता.

अर्धावकील

अभिनंदन, पण आता योजनेपेक्षा मोठी गोष्ट सांगतो. गाडी विकल्यावर चौदा दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी विकणाऱ्याची पण असते, फॉर्म २९. नोंदीत नाव आहे तोवर कायद्याच्या नजरेत मालक बाबाच. त्या व्हॅनचा अपघात झाला आणि विमा नसला तर भरपाईसाठी नोंदणीकृत मालकालाच धरतात, सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकालच आहे तसा. त्यामुळे योजनेचा फेरअर्ज नंतर, आधी आरटीओ. तो जुना स्टँपपेपर सापडतोय का बघा आणि चलन बाकी आहे का तेही ऑनलाईन बघून घ्या.

वाचनमात्र_२

बापरे. आमच्या मारुतीचं पण असंच आहे, २०११ ला विकली. उद्याच बघते. शेजाऱ्यांवर उगाच संशय घेतला 🙈

कोरी_पाटी

स्टँपपेपर सापडला, माळ्यावरच्या ट्रंकेत, आईच्या लग्नाच्या अल्बमखाली. चलन नाही एकही, म्हणजे व्हॅन बहुतेक रस्त्यावर नाहीच. अडचण अशी की ज्याला विकली ते गृहस्थ वारले, त्यांचा मुलगा म्हणतो गाडी भंगारात दिली, कुठल्या ते माहीत नाही, कागद काही नाही. आरटीओतले म्हणतात गाडी किंवा भंगाराची पावती आणा. आता जी गाडी अस्तित्वातच नाही ती आणू कुठून?

जुना_दप्तरी

हे आरटीओचं काम, माझ्या टेबलाबाहेरचं. नवीन धागा काढा, शीर्षकात व्हॅन लिहा, इथे आरटीओतले दोन-तीन जण आहेत, येतील. आणि जाताना त्या नऊ पानांचे अठरा रुपये भरून प्रती घ्याच, नुसती पाहणी करून आलात ना? फेरअर्जाला तोच कागद लावावा लागेल.

कोरी_पाटी

भरले काका. पावतीची पण झेरॉक्स काढलीये.